पदवी गेलेलं घर

श्टायर
१४ ऑक्टोबर २०१८

प्रिय एल्के,

खुशाल असशील. आम्हीही आहोत. सफरचंदं यंदा इतकी आलीत की शेजारच्या हुबिंगरबाईंनी टोपल्या भरभरून नेल्या तरी तळघरात पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्या मांजरीला पिल्लं झालीत. थंडी पडायला लागली की माझा गुडघा बोलायला लागतो, तसा तो बोलतोय.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन दिवाणखान्यात आणि तुझे बाबाही दिवाणखान्यात. पूर्वी रविवारी ते चर्चमधून परस्पर मित्रांकडे पत्ते खेळायला जायचे आणि आपण दोघी पोटभर बोलायचो. आता चर्च नाही, पत्ते नाहीत. तुझं नाव काढलं की ते खिडकीबाहेर बघत बसतात, जसं काही तिथे काही घडतंय. तू दिलेला मोबाइल खोक्यातच आहे. त्याला बटणंच नाहीत, मी दाबू काय?

दारावरची पाटी काढली. विद्यापीठाने पदवी काढून घेतल्याचं कळवलं त्याच दुपारी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून स्क्रू काढले. 'हॉफराट डॉ. सिगमार लिंडमोझर'. दर शनिवारी ती मी लिंबाने घासायचे. मी म्हटलं, हॉफराट तरी राहू दे, तो किताब सरकारने दिलेला, तो कुठे कुणी काढून घेतलाय? तर म्हणाले, अर्धी पाटी लावायची म्हणजे गेलेली अर्धी ओरडून सांगायची. आता दाराला चार भोकं आहेत आणि पोस्टमन येतो तो त्या भोकांकडे बघत पत्रं देतो.

आणि मी? तू हसशील, हस. मी टायपिंग आणि हिशेब शिकलेली बाई. पण लग्न झाल्या दिवसापासून या गावात मी डॉक्टरीणबाई. नवऱ्याची पदवी बायकोला लागते ही आपल्याकडची रीत, आणि तू लहानपणापासून तिला नाक मुरडत आलीस. तुला काय, तुझी स्वतःची आहे. परवा बेकरीतली पोरगी मला बघून 'ग्र्यूस गॉट, फ्राउ...' म्हणाली आणि अडली. 'डॉक्टर' शब्द तोंडात आला होता, तो तिने गिळला. मग नुसताच पाव पुढे केला. मागे बायका उभ्या होत्या. मी हसले, पाव घेतला आणि पुलापर्यंत मागे वळून बघितलं नाही. तेव्हापासून मी पुलापलीकडच्या बेकरीत जाते. तिथला पाव मेला भुसा असतो नुसता.

मी तुला दोष देत नाही. खरं सांगायचं तर देते, पण कुठल्या गोष्टीचा द्यावा ते मला अजून ठरवता येत नाही. त्यांच्या पंचाहत्तरीला तू त्यांचा जुना प्रबंध निळ्या कापडात बांधून आणलास, ग्रंथालयाकडून स्कॅन करून घेतलास, साऱ्या जगाला वाचता यावा म्हणून इंटरनेटवर चढवलास. किती खूश झाले होते ते! आल्या-गेल्याला दाखवायचे. आणि ग्रंथालयाच्या त्या कॉम्प्युटरने तो इतर पुस्तकांशी ताडून पाहिला, तर बुडापेस्टच्या कुणा इंजिनियरची पानंच्या पानं त्यात निघाली. इतकी वर्षं झाकलेली मूठ आपणच कौतुकाने उघडली. इथवर तुझी चूक नाही, नशीब म्हणायचं.

पण पेपरवाल्याने तुला जिनिव्हाला फोन केला तेव्हा 'मला काही बोलायचं नाही' एवढं म्हणून फोन ठेवता आला नसता? तू म्हणालीस, नियम सगळ्यांना सारखे, माझ्या वडिलांनाही. ते खरं आहे. खरं आहे म्हणून तर लागलं. त्यांनी नाश्त्याला ते वाचलं, पेपरची घडी घातली, अंडं संपवलं आणि बागेत गेले. मला एवढंच म्हणाले की ती पानं माझी नव्हती, पण नंतरची चाळीस वर्षं माझी होती. नेपाळ, इथिओपिया, लाओस, डॅन्यूब नदीचं ते कमिशन. त्यांना तिथे प्रबंध वाचून कुणी बोलावलं नव्हतं, पाणी कळतं म्हणून बोलावलं होतं. पण 'डॉ.' नसतं तर बोलावलं असतं का, हेही तेच विचारतात.

थोडे बारीक झालेत. माझ्या हातचं आता उतरत नाही म्हणतात, सूप तेवढं घेतात. म्हातारपण आहे. नाताळात येशील ना? काही बोलू नकोस, नुसती ये.

तुझी,
आई


श्टायर
९ डिसेंबर २०१८

प्रिय एल्के,

तुझं पत्र पोचलं. नाताळात येणार नाहीस, जानेवारीत मादागास्करला पुराच्या कामावर निघायचंय, त्याआधी अहवाल संपवायचाय. असेल बाई. तू लिहितेस, मी खोटं बोलले नाही आणि त्याबद्दल माफी मागणार नाही. नको मागूस. तुम्ही दोघं बापलेक एका साच्यातून पडलेले. मोडाल पण वाकणार नाही, आणि मधल्यामध्ये मी.

व्हॅनिलाची बिस्किटं केली, वेगळ्या डब्यातून पाठवते. हुबिंगरबाई म्हणाल्या, यंदा साखर जास्त झाली. त्यांना दरवर्षी काहीतरी जास्तच होतं. आपल्या घरात डबा भरलेला तसाच आहे.

आता लिहिते. तुझ्या बाबांनी मला तुझ्या आजीची शपथ घातलीय, ती मी मोडते.

मागच्या पत्रात बारीक झालेत असं लिहिलं, ते अर्धं होतं. त्यांना गिळता येत नाही. उन्हाळ्यापासून. आधी मांस अडकायचं, मग पाव, आता बटाटाही कुस्करून दुधात कालवून द्यावा लागतो. तोसुद्धा कधी कधी परत येतो आणि ते न्हाणीघरात जाऊन नळ सोडतात, मला ऐकू येऊ नये म्हणून. कोपऱ्यावरच्या नव्या डॉक्टरने सप्टेंबरातच सांगितलं होतं की लगेच रुग्णालयात जा, दुर्बीण घालून बघितलं पाहिजे. वेळही घेतली. त्या दिवशी कोट, टाय, हॅट, सगळं घालून गेले. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. दुपारी परत आले आणि सांगितलं की पित्त आहे, काळजीचं काही नाही. आणि मी मूर्ख, विश्वास ठेवला.

गेल्या आठवड्यात औषधवाल्याची बायको भेटली. ती त्या दिवशी तिथेच बसली होती. बाई बोलायला नको नको करत होती, मग सगळं बोलली. तिथे कसं असतं तुला माहीत आहे. दालन भरलेलं, नर्स दारात येऊन मोठ्याने नाव पुकारते, पदवीसकट. फ्राउ मागिस्टर अमुक, हेर इंजिनियर तमुक. समोर शाळेचे जुने मुख्याध्यापक बसलेले, शेजारी आपल्या न्यायाधीशसाहेबांची विधवा, ज्यांच्याबरोबर पत्ते खेळले त्यांच्यातलेही दोघे होते. बाबा गुडघ्यावर हॅट ठेवून बसले होते. त्यांच्या आधीचा माणूस आत गेला. आता यांचीच पाळी. तर हे उठले, सगळ्यांना मान लववून नमस्कार केला आणि निघून गेले.

मी घरी येऊन टोपीसुद्धा काढली नाही, उभ्या उभ्याच विचारलं. नाकारलं नाही त्यांनी. म्हणाले,

"ट्राउडी, त्या नर्सने सगळ्यांसमोर नुसतं 'हेर लिंडमोझर' म्हटलं असतं, तर मला खुर्चीवरून उठता आलं नसतं."

मी खूप बोलले. आयुष्यात कधी बोलले नाही एवढं बोलले. जीव मोठा की नावाआधीची दोन अक्षरं? लोकांचं काय घेऊन बसलास, त्यांच्या तोंडाला कुणी हात लावलाय? लिंझला जाऊ म्हटलं, तर म्हणे, लिंझच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं काढली, तिथला दारवानही ओळखतो. व्हिएन्ना म्हटलं तर नुसतेच हसले. मग शांतपणे विचारलं, तू बेकरी का बदललीस? मी जाऊन भांडी घासत बसले.

तेव्हापासून रोज सांगते, रोज नाही म्हणतात. पाद्रीबाबांना आणलं, उपयोग झाला नाही. नव्या डॉक्टरला घरी बोलावलं, त्याला त्यांनी कॉफी पाजून, एनस नदीच्या पुराची गोष्ट सांगून परत पाठवलं. ओढत नेऊ का? पंच्याहत्तर किलोचा माणूस आता साठाचाही नाही, तरी माझ्याच्याने ओढवत नाही.

म्हणून तुझ्याकडे मागते. माफी नको. प्रेमाच्या ओळीही नकोत, त्या त्यांच्याने वाचवणार नाहीत, ते पान उलटं ठेवतील. त्यांना पाण्याचा प्रश्न विचार. तिथे जाते आहेस ना, नदी असेल, बांध असेल, तुम्हा लोकांचं काहीतरी अडलं असेल. ते विचार, जसं लहानपणी ओढ्यात दगड रचून विचारायचीस. पाण्याचा प्रश्न आला की तुझे बाबा गप्प बसूच शकत नाहीत. एकदा त्यांना वाटलं की आपण कुणाला हवे आहोत, तर मी पुढचं बघते. मी नेते त्यांना, कशीही नेते.

उशीर करू नकोस. बिस्किटं फुटली तर चमच्याने खा.

तुझी,
आई


श्टायर
१७ मार्च २०१९

प्रिय एल्के,

तू जिनिव्हाला सुखरूप परतलीस हे तुझ्या ऑफिसच्या बाईंकडून कळलं. दमली असशील. ताप वगैरे घेऊन आली नाहीस ना? तिकडचं पाणी वाईट असतं, बाबा तिकडून आले की महिनाभर पोट धरून असायचे. इथे बर्फ गेला, बागेत कळ्या आल्यात. हुबिंगरबाई रोज डोकावतात, काही ना काही घेऊन येतात, आणि मी ते त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच मांजरीला घालते. मी आता अर्धाच पाव आणते. तोही शिळा होतो.

मी क्रमाने लिहिते. तू शेवटपर्यंत वाच, मध्ये फोन उचलू नकोस.

तुझं पत्र जानेवारीच्या शेवटी आलं, तिकडचं तिकीट लावलेलं. वर नुसतं 'बाबा' आणि खाली प्रश्न: गावाच्या वरच्या अंगाला बांध आहे, लोक म्हणतात आणखी उंच करा, आमच्यात दोन मतं आहेत, तुम्ही काय केलं असतं? त्यांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, काय वेडेपणा आहे, बांध उंच केला की पाणी वाट बघत बसतं आणि एकदम येतं. मी म्हटलं, मला काय सांगतोस, तिला सांग. तर माळ्यावरून जुने नकाशे काढायला लावले, भूगोलाचं पुस्तक काढायला लावलं. जेवणाच्या टेबलावर पसारा. किती दिवसांनी त्यांचा आवाज घरात मोठा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली आणि मला म्हणाले, चल, तुझ्या त्या रुग्णालयात.

तू नेलंस त्यांना. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मला जे लिहायचंय त्यात हे हरवायला नको.

उशीर झाला होता. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि परत शिवलं. सप्टेंबरात आले असते तर, असं तो सर्जन म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघून मध्येच थांबला. बैल गेला आणि झोपा केला, अशी आमची गत. ते मात्र शांत होते. त्यांना तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुरं करायचं होतं. खाटेवर पडल्या पडल्या मला सांगायचे, मी लिहायचे. बांध उंच करू नका. वरच्या शेतांत पाण्याला पसरायला जागा द्या, शेतकऱ्यांना आधी भेटा, त्यांच्याशी भांडायची तयारी ठेवा, आणि भांडण झाल्यावर त्यांच्याकडे जेवा. ते उत्तर मी तुझ्या ऑफिसात फोन करून त्या बाईला शब्दन् शब्द सांगितलं, की तुझ्यापर्यंत पोचवा. तिने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मी म्हटलं, ठीक आहे.

एल्के, तुझे बाबा फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी गेले. शुक्रवारी आपण त्यांना आजीशेजारी पुरलं. 'आपण' लिहून गेले. मी, हुबिंगरबाई, पाद्रीबाबा आणि पत्त्यातले तिघे. चर्चच्या दारावर काळ्या चौकटीची निधनवार्ता लावली नाही, पेपरात दिली नाही. तसं त्यांनीच सांगितलं होतं. नावाआधी काय छापायचं हा प्रश्नच येऊ देऊ नकोस म्हणाले.

तुला कळवायचं नाही हेही त्यांनीच सांगितलं. म्हणाले, तिथे पाणी चढतंय, तिचं काम अर्धं आहे. आणि ती आली तर चर्चच्या दारात सगळं गाव तिच्याकडे बघेल, म्हणेल की हीच ती. मला बघितलं तेवढं पुरे, तिला बघायला नको. मी त्यांच्याशी भांडले, म्हटलं, ती मला आयुष्यभर माफ करणार नाही. ते म्हणाले, करेल, ती माझ्यापेक्षा बरी आहे.

इथपर्यंत त्यांच्यावर ढकलता येतं. पुढचं येत नाही. तुझ्या ऑफिसातल्या त्या बाईने मला तुझ्या तिकडच्या माणसांचा नंबर दिला होता. म्हणाली होती, निकड असेल तर निरोप एका दिवसात पोचतो. मंगळवारी ते गेल्यावर तो नंबर माझ्यासमोर होता आणि आता मनाई करायला ते नव्हते. मी फोनपाशी बसले. आणि मला वाटलं, नको, राहू दे. नियम सगळ्यांना सारखे म्हणालीस ना, मग तूही एकदा कळ सोस. असं वाटलं मला. तुझ्या आईला वाटलं. माती टाकताना तो राग उतरला, पण तोवर शुक्रवार झाला होता. त्यानंतर इतके दिवस हे पत्र लिहायला घेते आणि सफरचंदं, मांजर, गुडघा असं काहीबाही लिहून फाडून टाकते.

एक राहिलं. ते तुला दिल्याशिवाय मला राहवणार नाही.

रुग्णालयात पहिल्या दिवशी एक तरुण नर्स होती, बॉस्नियाची, सेनाडा नावाची. दालन तसंच भरलेलं. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतली. ती दारात आली, कागद बघितला आणि मोठ्याने म्हणाली, 'हेर डॉक्टर लिंडमोझर, या.' त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बाबांच्या गुडघ्याच्या जुन्या ऑपरेशनच्या वेळचंच नाव होतं गं. कुणी बदललंच नव्हतं. सप्टेंबरातही तसंच पुकारलं असतं. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. मी त्यांना कोपराने ढोसलं की ऊठ, गप्प ऊठ आणि आत चल. ते उठले. पण आत गेले नाहीत. त्या सगळ्या लोकांसमोर हॅट हातात धरून सरळ उभे राहिले आणि त्या मुलीला म्हणाले,

"बाळ, एवढं दुरुस्त करून घे. मी डॉक्टर नाही. आमच्या घरात डॉक्टर माझी मुलगी आहे."

मग आत गेले.

तू काय म्हणशील, किती ओरडशील, ते सगळं मी ऐकून घेईन. फोन आता माझ्या एकटीचा आहे, कधीही कर. पण बोलायला कर, आणि नंतर ये. तुझ्या खोलीत मी शेगडी पेटवून ठेवते आहे, रोज.

तुला बापाचं तोंड शेवटचं बघू न दिलेली,
तुझी आई